झुहुराची होडी

"होडी!"

गाणं संपलं आणि नाव सांगायच्या जागी झुहुरानं मायक्रोफोनपुढे एवढंच म्हटलं. काचेपलीकडे साहेबानं यंत्र थांबवलं. माझा भाऊ अण्णा तांबडा दिवा विझायचीही वाट न बघता आत घुसला आणि खेकसला तो माझ्यावरच. "होडी? हिला आत्ता होडी कशाला हवी? बोट यायला अवकाश आहे म्हणावं अजून!"

मला असं हसू फुटलं म्हणता! पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी आवरेना. तो ऊद वाजवणारा म्हातारा फाकीबाबा माझ्याकडे बघून हसायला लागला, कशाला हसतोय ते न कळताच. ऊद म्हणजे त्यांची सतार म्हणा, फक्त मान आखूड आणि पोट सुटलेलं. झुहुरा मात्र हसली नाही. हात बांधून मायक्रोफोनपुढे तशीच उभी राहिली.

"अण्णा, ती आपली होडी नव्हे रे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे कुणाच्या दारी गेलं की कडी नाही वाजवत. बाहेरून 'होडी' अशी हाक द्यायची. आतून 'करीबू' आलं, म्हणजे 'या, या' म्हटलं, की मगच उंबरा ओलांडायचा."

"मग इथे कुणाच्या दारात उभी आहे ही? नाव सांग म्हणावं, नाव!"

अण्णाला ती भाषा येत नव्हती. आमचे वडील जंगबारला कंपाउंडर होते. हो, झांझिबारला आमच्याकडे सगळे जंगबारच म्हणत. आई आणि मी तिकडे वडिलांजवळ, आणि अण्णा शाळेसाठी वेंगुर्ल्यात आजोळी. माझं अख्खं बालपण तिकडच्या पोरींबरोबर उंडारण्यात गेलं, त्यामुळे सवाहिली मला मराठीइतकीच येई. वडील गेले तेव्हा आम्ही परत आलो. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत पांढरं कपाळ घेऊन मी गिरगावात अण्णाच्या बिऱ्हाडी आले. तो रेकॉर्डच्या कंपनीत होता. जंगबारहून गाणाऱ्यांचा ताफा आला, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला दुभाष्या नेमका विषमज्वरानं आडवा झाला. अण्णा साहेबाला म्हणाला, माझी बहीण आहे.

आईनं आकाशपाताळ एक केलं. "गाणाऱ्या बायांच्यात बसायला विधवा पोर पाठवतोस? लाज कशी नाही वाटत?" मी निघाले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. 'येते' म्हटलं, तर मान वर केली नाही तिनं.

तर ही झुहुरा. झुहुरा बिन्ती माकामे, पेंबा नावाच्या लवंगांच्या बेटावरची. तिच्या बेटावरच्या कुठल्या बाईनं तोवर तबकडीवर गायलं नव्हतं. पुरुषच गात आणि त्यांच्याच तबकड्या निघत. ही पहिली. तिशीची असेल, उंच, काळीभोर, अंगाभोवती दोन रंगीत लुगड्यांचे तुकडे लपेटलेले, पायात काही नाही. चपला घालून गाणं येत नाही म्हणे! मधूनमधून खोकायची. फाकीबाबा आल्याचा तुकडा पुढे करायचा आणि म्हणायचा, "बोटीवरचं वारं बाधलंय."

तेव्हाची रीत अशी, की गरम मेणाच्या जाड तव्यावर गाणं कोरलं जाई. सव्वातीन मिनिटं, वर एक श्वाससुद्धा नाही. आणि शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, म्हणजे दूर कारखान्यात तबकडी छापणाऱ्यांना कळावं, हे कुणाचं. आदल्या सगळ्या गाण्यांना तिनं नीट सांगितलं होतं, "मी झुहुरा बिन्ती माकामे, पेंबाची." अगदी ठसक्यात. या एकाच गाण्याला तिला काय झालं कुणास ठाऊक.

"नाव नाही सांगणार," ती मला म्हणाली. "या गाण्याला होडीच."

"काय म्हणतेय?" अण्णा.

"नाही सांगणार म्हणतेय."

"शेवंते, माझी नोकरी घालवशील! समजाव तिला."

साहेबानं घड्याळ बघितलं आणि जेवायची सुटी दिली. आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो. आत कोंडून घेतलेलं, खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या, जीव नुसता गुदमरून गेला होता. हॉटेलातून चहा आला. तिनं बशीत ओतलेला चहा बघून आधी नाक मुरडलं आणि मग तीन बश्या प्यायली.

"हे गाणं कुणाचं आहे माहीत आहे?" तिनं विचारलं. "माझ्या आईचं. भात कांडताना म्हणायची. उखळाशी समोरासमोर उभ्या राहून आम्ही दोघी कांडायचो. एक मुसळ तिचं, एक माझं."

"मग आता?"

"आता ती एकटी कांडते." चहाची बशी तिनं पायरीवर उपडी घातली. "पुरुषांच्यात बसून गायला लागले ना मी. त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. म्हणाली, माझी मुलगी मेली, तिचं नाव माझ्यापुढे कुणी काढायचं नाही. गावानं ऐकलं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती आहे!"

"तू गेली नाहीस कधी?"

"दर ईदला जाते. दाराबाहेर उभी राहते आणि होडी म्हणते. आत मुसळाचा आवाज चालू असतो. मी हाक दिली की थांबतो. म्हणजे ऐकते ती! दुसऱ्यांदा म्हणते. तिसऱ्यांदा म्हणते." ती माझ्याकडे वळली. "तू आमच्यात वाढलीस. तिसरीला उत्तर आलं नाही तर काय करायचं, सांग."

"परत फिरायचं," मी म्हटलं.

"फिरते. लांब गेले की मुसळ पुन्हा सुरू झालेलं ऐकू येतं."

  तीच पुढे म्हणाली, "मला तीन हाकांच्या वर दारात उभं राहता येत नाही. तबकडीला कोण हाकलणार? ती कुणाच्याही घरी जाईल, कितीदा वाजेल. एकदा तरी तिच्या तोंडून करीबू निघेल की नाही? नाव काय करायचंय मला? गावभर माझं नाव झालंय. तिच्या उंबऱ्यात चालत नाही तेवढंच."

मी अण्णाला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "दोन्ही सांगू दे. नाव आणि मग होडी. घाईघाईनं."

झुहुरा तयार झाली. पण ते गाणं आधीच काठोकाठ भरलेलं. तिनं नाव उच्चारलं, 'हो' म्हटलं, आणि सुई मधोमध जाऊन थडकली. काचेआडून साहेबानं गळ्यावरून हात फिरवला.

"एक कडवं गाळ म्हणावं," अण्णा म्हणाला.

"शेवटचं कडवं आईनं माझ्यावर रचलंय," झुहुरा म्हणाली. "ते गाळून कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारी?"

आता नाव तरी किंवा होडी तरी. जागा एकाच शब्दाची.

वाया गेलेला मेणाचा तवा फेकायचाच होता, म्हणून साहेबानं तिला तो ऐकवला. मेण एकदा वाजवलं की बाद होतं, त्यामुळे तिला तोवर तिचं एकही गाणं ऐकता आलं नव्हतं. तिनं मान खाली घालून ऐकलं. 'हो' वर आवाज तुटला तशी ती दचकली.  मग हळूच मला म्हणाली, "माझा आवाज अगदी आईसारखा आहे गं. मला कुणी सांगितलंच नाही."

आणि रडली. इतकी ठसक्याची बाई, तोंडावर कपडा घेऊन लहान पोरीसारखी रडली, आणि रडताना खोकला आला तो थांबेना.

अण्णा काचेपलीकडे गेला. दोघांचं काहीतरी चाललेलं दिसलं, साहेबानं मान हलवली, अण्णानं छातीवर हात ठेवला. परत आला तो म्हणाला, "म्हणू दे होडी."

"साहेब कसा काय तयार झाला?"

"सांगितलं त्याला, हे तिचं घरचं नाव आहे. घरात होडी म्हणतात तिला." माझ्याकडे न बघता त्यानं दिव्याचं बटण चाचपलं. "चल, तिला डोळे पुसायला सांग."

मी त्याच्यावर पुष्कळ वेळा चिडले असेन आयुष्यात, पण तो दिवस मी विसरले नाही.

तिनं गायलं. आणि शेवटी उरलेल्या तेवढ्याशा जागेत, अगदी दारात उभं राहून म्हणावं तसं, म्हटलं, "होडी."

त्यांची बोट निघायच्या आधी तिनं मला विचारलं, "तुझी आई जंगबारला राहून आलीय ना? मला ने तिच्याकडे. आपल्या भाषेत बोलणारं आईच्या वयाचं माणूस भेटेल."

मी घरी विषय काढला. आई जंगबारला होती तेव्हाची गोष्ट वेगळी. मासे चिरता चिरता तिकडच्या बायकांना आतूनच 'करीबू' ओरडायची, आणि त्या खुशाल चुलीशी येऊन बसायच्या. पण आता ती म्हणाली, "गाणारी बाई माझ्या उंबऱ्यात नको. शेजारीपाजारी आहेत. तुझं आधीच काय कमी झालंय?"

झुहुराला हे कसं सांगावं या विचारानं मला रात्र खायला उठली. पण बंदरावर माझा चेहरा बघूनच तिला कळलं. "राहू दे," ती हसून म्हणाली. "आया इथूनतिथून सारख्याच." आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटीत चढली.

तबकड्या छापून आल्या तेव्हा अण्णानं मला एक आणून दिली. आईनं बघितली मात्र, "ते असलं या घरात वाजायचं नाही" म्हणाली. मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एके दिवशी दुपारी अण्णा फाकीबाबाला घेऊनच घरी आला. म्हातारा निम्मा झाला होता. आई मागे स्वयंपाकघरात वाटण वाटत होती. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पहिलं काय विचारलं असेल?

"झुहुरा नाही आली?"

"झुहुरा गेली, पोरी."

मला वाटलं, कुठे गेली. खरंच, क्षणभर मला तसंच वाटलं.

"तो खोकला," फाकीबाबा म्हणाला. "परत आल्यावर छातीत उतरला. तबकड्यांची वाट बघत होती. बोट लागली की मला बंदरावर पिटाळायची. तबकड्या आल्या तेव्हा तिला माती देऊन झाली होती."

 अण्णा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"आणि तिची आई?" मी विचारलं.

"तिला ठाऊकच नव्हतं! तिच्यापुढे नाव काढायचं नाही म्हणून तिनंच गावाला बजावलेलं. लोकांनी ते मेल्यावरही पाळलं. शेवटी मी मचव्यात बसून पेंबाला गेलो. तबकड्या वाजवायचा बाजा घेतला, तबकडी घेतली. सांगायलाच निघालो होतो, पण दारात पोचलो आणि धीर सुटला. म्हटलं, आधी ऐकू दे, मग सांगू."

"मग?"

"आत ती कांडत होती. मी ओट्यावर बाजा ठेवला आणि लावला. गाणं सुरू झालं, तरी मुसळ थांबलं नाही. उलट काय झालं सांगू? ते गाण्याच्या ठेक्यात पडायला लागलं. शेवटपर्यंत पडत राहिलं. मग झुहुरा म्हणाली, होडी. मुसळ थांबलं."

"आणि उत्तर?"

"नाही. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. आत चिडीचूप. होडी. तरी नाही. तिसऱ्यांदा लावलं, पण माझं सगळं लक्ष दाराकडे, चावी द्यायचीच विसरलो. तुला ठाऊक आहे, चावी उतरली की बाजा कसा रडतो. आवाज जड व्हायला लागला. शेवटच्या कडव्यात तर झुहुराचा गळा पार बसत, बुडत गेला. ती होडी म्हणाली ते कण्हल्यासारखं आलं." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "आणि दार धाडकन उघडलं! हाताला कोंडा तसाच. 'करीबू! करीबू, माझ्या पोरी! आवाजाला काय झालं तुझ्या? आजारी आहेस का गं?' असं ओरडतच ती बाहेर आली."

अण्णाला सवाहिली येत नव्हती, पण त्यानं मला काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं.

"ती माझ्याकडे बघते, बाजाकडे बघते, वाटेकडे बघते. मला म्हणाली, 'कुठाय ती? परत फिरली का? अरे, तिसऱ्या हाकेला उघडलं ना मी दार! तिसऱ्या हाकेला उघडलं!' माझा हात धरून हलवत होती आणि एवढंच म्हणत होती."

"मग सांगितलंत तुम्ही?"

"सांगावंच लागलं."

मागून पाट्यावर वरवंट्याचा आवाज येत होता. तो ऐकवेना मला.

"बाजा तिच्याकडेच ठेवून आलो," फाकीबाबा म्हणाला. "तिला आता गाणं नको असतं. सुई नेमकी शेवटावर ठेवायला शिकलीय ती. होडी आली की करीबू म्हणते, पुन्हा सुई ठेवते. दिवसभर तेच. त्या सुईनं खणून खणून तबकडीचा शेवट खलास झाला. आता तिथे नुसती खरखर येते. ती खरखरीलासुद्धा करीबू म्हणते गं! म्हणून दुसरी न्यायला आलोय."

मी ते अण्णाला सांगितलं. त्यानं मान हलवली. "ती कधीच बंद केली कंपनीनं. तिकडच्या दुकानदारांनी ओरड केली, शेवटी नाव नाही, गिऱ्हाईक घेत नाही. साचेसुद्धा मोडले."

मी उठले आणि ट्रंक उघडली. लुगड्याच्या घड्या सोडवून तबकडी त्याच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यानं ती उजेडात धरून तिरपी करून बघितली. "चरा नाही ना पडलेला? शेवट नीट हवा. एवढ्या लांब न्यायची आणि तिथे होडीच आली नाही, तर ती बाई जगायची नाही."

"वाजवून बघू," अण्णा म्हणाला. कंपनीचा एक बाजा त्याच्या कॉटखाली असायचा. आईची आज्ञा त्यालाही ठाऊक होती. तरी त्यानं तो ओढून काढला आणि सावकाश, पुरी चावी दिली.

झुहुरा गायला लागली. त्या दिवशी मला तिचा आवाज किती ताजा वाटला! जिन्यात बशीनं चहा पिणारी, नाक मुरडणारी ती, सगळी समोर आली. मी आईच्या ओरडण्याची वाट बघत होते, पण आतला वरवंटा चालूच राहिला. शेवटचं कडवं आलं. फाकीबाबानं डोळे मिटून घेतले.

"होडी," झुहुरा म्हणाली.

वरवंटा थांबला.

"करीबू!" आतून आई ओरडली. खणखणीत, अगदी जंगबारला चुलीपुढून ओरडायची तसंच. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. तिला स्वतःलाही कळलं नसावं आपण काय बोललो ते. फाकीबाबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी सुई उचलली. आई मसाल्याचे हात पदराला पुसत दारात आली आणि आमच्यामागे, जिन्याकडे बघायला लागली.

"कोण आलंय गं? जंगबारची कोणी आहे ना?" ती म्हणाली. "तिला बाहेर का उभी केलीस, शेवंते? आत घे की."